जामीनकीपासून याकोबापर्यंत: नगरमधला एक शास्त्राभ्यास वर्ग

माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या वसुली खात्यात झाली. त्यामुळे जामीनदार हा प्राणी मी फार जवळून पाहिला आहे. कर्जदार गायब, आणि मेहुण्याच्या शब्दाखातर सही केलेला माणूस सहकार कायद्याच्या कलम 101चा वसुली दाखला हातात घेऊन काउंटरसमोर उभा. आमच्या नगरमधल्या एका मंडळीने, म्हणजे चर्चने, बायबलमधले देवाचे ज्ञान आणि रोजचा व्यवहार या विषयावर शनिवार संध्याकाळचा अभ्यासवर्ग जाहीर केला. विषयपत्रिकेत 'जामीनकी' दिसली आणि मी लगेच नाव दिले. फी तीनशे रुपये, त्यात छापील टिपणे आणि चहा. खाली तक्रारीही आहेत, म्हणून मंडळीचे नाव लिहीत नाही.

शिकवायला एक निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू. आवाज बारीक, पण बायबल तोंडपाठ. सुरुवात अपेक्षेप्रमाणे इस्राएलचा राजा शलमोन याच्यापासून. गिबोन या ठिकाणी त्याने देवाजवळ दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, शत्रूंचे प्राणही मागितले नाहीत. न्याय करता यावा म्हणून विवेक मागितला. आणि त्याच अध्यायात दोन बायका एका बाळावरून भांडत त्याच्यापुढे आल्या. एवढे सांगून साहेब थांबले नाहीत. 'पहिले राजे' या त्याच पुस्तकाचा अकरावा अध्याय काढायला लावला, जिथे हाच शलमोन म्हातारपणी दुसऱ्या दैवतांच्या मागे जातो. ज्ञान एकदा मिळाले की आयुष्यभर पुरते, अशी कुणाची समजूत असेल तर ती तिथेच निघाली.

पैसे वसूल झाले ते जामीनकीच्या शनिवारी. बायबलमधले नीतिसूत्रे हे पुस्तक या बाबतीत अगदी कडक आहे. सहाव्या अध्यायात म्हटले आहे की शेजाऱ्याला जामीन राहून अडकला असलास तर झोपू नकोस, पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुटून ये. अकराव्या, सतराव्या आणि बाविसाव्या अध्यायातही तोच इशारा. वर्गातले निम्मे लोक मान डोलावत होते, बाकीचे बहुधा कुठे ना कुठे सही करून बसलेले असावेत. मग साहेबांनी फिलेमोनाला लिहिलेले पत्र उघडले. तुझा दास अनेसिम याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे प्रेषित पौल त्यात स्वतःच्या हाताने लिहितो. ही जामीनकी नाही तर काय? उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, बापाजवळ जामीन राहतो, आणि इब्री लोकांस पत्रात तर येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे.

मग सही करायची की नाही? साहेबांनी बोट ठेवले नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनावर: फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचे अंथरूण का काढून न्यावे? त्यांचे म्हणणे असे की पुस्तकाचा राग उदारपणावर नाही, भिडेखातर केलेल्या बेहिशेबी सहीवर आहे. पौल ज्याच्यासाठी लिहितो त्याला ओळखतो, आणि फेडायची जबाबदारी उघडपणे अंगावर घेतो. आमच्याकडे येणारे जामीनदार नेमके उलटे: 'नुसती सही आहे हो, पैसे तोच भरणार आहे.' कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे त्यांना पहिल्या नोटिशीला कळायचे. फॉर्म पुढे करताना मी हे वचन वाचून दाखवले असते, तर संस्थेचा कर्जवाटपाचा आकडा नक्कीच खाली आला असता.

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायातली दोन वचनांची जोडीही छान घेतली. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पुढच्या वचनात, दे. कुठे कोणते लावायचे ते पुस्तक सांगत नाही, तुमच्यावर सोडते. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी एकेक वचन फुलांच्या चित्रावर टाकणाऱ्यांनी ही दोन एका दिवशी टाकून पाहावीत.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या दिवशी गंमत झाली. वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजुतीला वाव देणारे, दयेने भरलेले आणि पक्षपात न करणारे असते, तर जिथे मत्सर आणि तट असतात तिथे गोंधळ. हे वाचले जात असताना मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या निवडणुकीतले दोन्ही गट समोरासमोरच्या बाकांवर बसले होते. कुणीही वर पाहिले नाही. साहेबांनी मुद्दाम केले का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता तक्रारी. नीतिसूत्रांतला बाविसाव्या अध्यायापासूनचा एक भाग अमेनेमोपे नावाच्या मिसरी (प्राचीन इजिप्तमधल्या) लेखकाच्या शिकवणीशी बराच जुळतो, असे साहेब सहज म्हणाले. एक ज्येष्ठ बंधू एवढे भडकले की उरलेला तास त्यातच गेला. साहेबांनी थांबवायला हवे होते. तिसाव्या अध्यायावर अगूराचे आणि एकतिसाव्यावर लमुवेलाचे नाव आहेच. शलमोनाबाहेरचे ज्ञान त्या पुस्तकाला वर्ज्य नाही. टिपणांत वचनांचे आकडेही पुष्कळ ठिकाणी चुकलेले आहेत, पेन्सिल जवळ ठेवा.

मोठी तक्रार ईयोबाची, म्हणजे नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या पुस्तकाची. त्याला शेवटच्या दिवशी जेमतेम वीस मिनिटे मिळाली. नुसती नीतिसूत्रे वाचून माणूस असा समज करून घेतो की उद्योगी माणसाची कोठारे भरतात आणि कंगाल होतो तो आळशी. दुष्काळात थकबाकीदार झालेले कितीतरी शेतकरी मी पाहिले आहेत. पहाटे चारला उठणारे लोक ते. ईयोबाचे मित्रही त्याला, तुझ्याच पापामुळे हे झाले, असेच ऐकवतात आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. हा भाग गाळून ज्ञानाचा वर्ग पुरा होत नाही. पाच तारे देणार होतो, एक इथे कापला.

चहा चांगला, सुंठ घातलेला. सभागृह पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाला तरी सोबत घ्यावे. माईक नाही, म्हणून पुढच्या दोन रांगांतच बसा. पवित्र शास्त्र घरून न्या, तिथल्या प्रती बारीक टायपातल्या आहेत. पावसाळ्यानंतर ईयोब आणि उपदेशक या पुस्तकांवर वेगळा वर्ग घेणार म्हणतात. घेतला तर जाईन, पण फी भरण्याआधी वेळापत्रक मागून घेईन.