जुनं नाण्याचं मशीन घ्यायचंय: गमबॉल, पिनबॉल की ज्यूकबॉक्स?

जुनं नाण्यावर चालणारं मशीन घ्यायला निघालेला माणूस आधी काच, निकेलची चकाकी आणि वरचं चित्र बघतो. मीही तेच केलं होतं आणि फसलो. आता कुणी सल्ला मागितला की मी एवढंच विचारतो: ते बंद पडेल (पडणारच), तेव्हा मागचं दार तुम्ही स्वतः उघडणार की कारागिराला बोलावणार? निम्मा निकाल तिथेच लागतो.

गमबॉलचं, म्हणजे च्युइंग गमच्या गोळ्या देणारं, मशीन हे सगळ्यांत गरीब जनावर. वर काचेचा गोळा, खाली धातूचा बुंधा, आत एक चाक. नाणं खाचेत बसलं की मूठ फिरते, तिच्याबरोबर चाक फिरतं आणि कप्प्यातली गोळी दारात येऊन पडते. वीज लागत नाही. बिघाड म्हणजे वाकडं नाणं अडकणं नाहीतर स्प्रिंग जाणं. एक स्क्रूड्रायव्हर आणि एक दुपार पुरते. विकायची वेळ आली तर खोक्यात भरून पाठवता येतं, ही सोय बाकी दोघांकडे नाही. मोह एकच आवरायचा: जुना रंग खरवडून नवा चकचकीत रंग देऊ नका, संग्राहक टवके उडालेल्या मूळ रंगालाच जास्त भाव देतात. त्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून त्यातल्या गोळ्या मात्र मुलांच्या हातात नकोत.

पिनबॉल म्हणजे उतरत्या टेबलावर चेंडू टोलवत गुण मिळवायचा खेळ. त्यात एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती आहेत, आणि माझ्या मते खरी निवड इथेच आहे. १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनला फ्लिपर (चेंडू टोलवणारे दांडे) आले. तिथून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतची जवळपास सगळी मशीनं रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), कॉइल आणि मोटरवर चालणारी. शौकीन त्यांना ईएम (इलेक्ट्रोमेकॅनिकल) म्हणतात. १९७७ च्या सुमारास सर्किट बोर्ड आले आणि सॉलिड स्टेटचा जमाना सुरू झाला.

ईएमचं पोट उघडलं की आधी धडकीच भरते, इतक्या वायरी. पण त्याचा बिघाड डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो. खेळ सुरू करताना गुणांची चाकं टकटक करत शून्यावर येतात. सगळी आली की मोटर थांबते आणि चेंडू बाहेर पडतो. सगळी चाकं शून्य दाखवत असूनही मोटर घरघरतच राहिली, तर कुठल्या तरी चाकामागचा शून्याचा स्विच मळलेला किंवा वाकलेला असण्याचीच शक्यता जास्त. दोन पातळ पट्ट्या, टोकाला चांदीचे ठिपके. प्लग काढायचा, ठिपक्यांमधून अगदी बारीक कानस एकदा हलकेच ओढायची, पट्टी केसभर वाकवायची. झालं. तेलाचा फवारा मात्र मारू नका. तेलावर धूळ बसते, आणि या ठिपक्यांत ठिणग्या उडत असतात.

माझं पहिलं मशीन सॉलिड स्टेट होतं. विकणारा म्हणाला, ‘फ्यूज गेलाय, बाकी काही नाही.’ फ्यूज बदलला, मशीन ढिम्म. बोर्ड बाहेर काढला तर एका कोपऱ्यावर हिरवट-पांढरा थर. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर मेमरी टिकवायला निकेल-कॅडमियमची बॅटरी बोर्डावरच सोल्डर केलेली असे. ती जुनी झाली की गळते, आणि तो क्षार तांब्याच्या रेषा खात खात चिपच्या सॉकेटांपर्यंत पोचतो. कानस घेऊन बसून हे दुरुस्त होत नाही. मी तीन आठवडे सोल्डरिंग केलं आणि शेवटी नवाच बोर्ड घेतला. पण सॉलिड स्टेटची बाजूही मांडायला हवी. लोकप्रिय मशीनांचे बोर्ड आजही नव्याने बनतात, खेळ वेगवान असतो, आणि कुठला स्विच अडकलाय हे मशीन स्वतःची चाचणी घेऊन आकड्यांत सांगतं. मल्टिमीटरशी दोस्ती असेल तर हेच घ्या, नसेल तर ईएम.

ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवायच्या पेटीवर, जीव जडणं सगळ्यांत सोपं, सांभाळणं सगळ्यांत खर्चाचं. १९४६-४७ चा वुर्लिट्झर १०१५ बघा, तो कडांच्या नळ्यांमधून बुडबुडे सोडणारा. छप्पन्न हजारांच्या आसपास बनले, तरी मागणी हटत नाही. दुर्मीळ तेच महाग असा हिशेब इथे चालत नाही. पण त्यात ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) फक्त २४ तबकड्या मावतात, त्याही लाखेच्या, हातातून सुटली की तुकडे. रोज गाणी ऐकायची असतील तर १९५० चा सीबर्ग एम१००बी बरा: ४५ आरपीएमच्या तबकड्या, शंभर गाणी. दोन्हींत जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर आहेत. वर्षानुवर्षं बंद असलेला डबा थेट वीज देऊन ‘बघू या वाजतो का’ म्हणू नका, जुने कपॅसिटर पुढचा महागडा भागही घेऊन जातात.

जुगाराचं स्लॉट मशीन मी या यादीत मुद्दामच घेतलं नाही. अमेरिकेतच काही राज्यांत ठरावीक वर्षांपेक्षा जुनं असेल तर घरी ठेवता येतं, काही ठिकाणी नुसतं ठेवणंही गुन्हा. आधी कायदा बघा, मग मशीन.

मशीन चालवून कमवायचं असेल तर रूप आणि वय दोन्ही विसरा, नाणं बघा. अमेरिकेत १९६५ च्या बदलात पाव डॉलरचं वजन ६.२५ ग्रॅमवरून ५.६७ ग्रॅमवर आलं, पण व्यास तोच राहिला आणि धातूचे थरही वेंडिंग मशीनची तपासणी पार करतील असेच निवडले गेले. म्हणून तिथल्या जुन्या मशीनला आजचा पाव डॉलर चालतो. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान चलन आलं आणि जुन्या मोठ्या पेनी नाण्यावर चालणारी मशीनं उपाशी राहिली. तिथल्या मालकाला जुन्या पेनींची बरणीच शेजारी ठेवावी लागते: आजचे पैसे घ्यायचे, पेनी द्यायची, रात्री पेटी उघडून त्याच पेनी परत बरणीत. गंमत म्हणून छान, धंदा म्हणून कटकट. कमाईसाठी तिघांत गमबॉलच परवडतं, तेही नव्या बनावटीचं. ईएम रोज गिऱ्हाइकांच्या हाती दिलं तर दर आठवड्याला तुम्हीच त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलेले असाल. ज्यूकबॉक्स दुकानात वाजवायचा तर गाण्यांच्या परवान्याचा प्रश्न येतोच.

काहीही ठरवा, बघायला जाताना टॉर्च न्या आणि भाव बोलायच्या आधी मागचं दार उघडायला सांगा. ‘किल्ली सापडत नाही’ असं उत्तर आलं तर कुलूप फोडायचा खर्च आणि आतलं न दिसलेलं नुकसान, दोन्ही धरून आकडा सांगा.