स्पिरुलिना की जांभळे जीवाणू? प्रोजेक्ट निवडण्याआधी

जून उजाडला की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतलं शेवटच्या वर्षाचं कोणीतरी दारात उभं असतं: "काका, प्रकाश पकडणाऱ्या सूक्ष्मजीवांवर प्रोजेक्ट करायचंय. स्पिरुलिना घेऊ की जांभळे?" मी दोन्ही (निळसर-हिरवी, पावडर करून विकली जाणारी स्पिरुलिना आणि प्रकाशावर जगणारे जांभळे जीवाणू) करून बसलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कागदावर जांभळे देखणे. त्यांच्यातल्या एका जातीच्या एलएच-२ ची (प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनसंचाची) रचना १९९५ साली उलगडली: बॅक्टेरिओक्लोरोफिलची (जीवाणूंच्या क्लोरोफिलची) दोन कडी, एकात ९ रेणू, दुसऱ्यात १८. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीला पहिल्या कड्याने पकडलेली ऊर्जा साधारण पिकोसेकंदभरात ८५० ला शोषणाऱ्या दुसऱ्या कड्यावर, तिथून एलएच-१ या दुसऱ्या संचात, मग अभिक्रिया केंद्रात, म्हणजे जिथे प्रकाशाची ऊर्जा रासायनिक होते तिथे. ते केंद्र उलगडणाऱ्यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वाढवायलाही खर्च नाही. तळ्याकाठचा गाळ, अंड्याची टरफलं, वर्तमानपत्राचे कपटे, उंच बरणी आणि खिडकी. दीड-दोन महिन्यांत लालसर जांभळा पट्टा धरतो. कुजक्या अंड्याचा वास येतो. आईने माझी बरणी दोनदा जिन्यात नेऊन ठेवली होती.

वासाचं काही नाही. मला नडला कॉलेजचा कलरीमीटर, म्हणजे द्रावण कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र. तो ७०० ला संपायचा आणि यांची सगळी गंमत ८०० च्या पुढे! जांभळा अर्क हातात, पण मोजायचं तेच यंत्राला दिसत नाही. दुसऱ्या कॉलेजात तीन खेपा घातल्या, त्यातल्या दोनदा "सर रजेवर आहेत." आता तर आणखी एक कटकट: पांढऱ्या एलईडीत या जीवाणूंना लागणारा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश जवळपास नसतोच, त्यामुळे त्याखाली हे रेंगाळतात. परवा एका मुलासाठी जुना पिवळा बल्ब मागितला, तर ठाणे स्टेशनजवळचा दुकानदार हसला.

स्पिरुलिनात ऊर्जा फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याकडून (६२० च्या आसपास) त्याच्याच भाऊबंद अ‍ॅलोफायकोसायनिनकडे (६५०) आणि तिथून क्लोरोफिलकडे जाते. सगळं साध्या यंत्राच्या टप्प्यात. औषधाच्या दुकानातली पावडर पाण्यात कालवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. निळंशार पाणी. अंधारात बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा, तेच पाणी लाल चमकतं. जिवंत कल्चरवर टॉर्च मारला तर ती लाली दिसत नाही, कारण तिथे ऊर्जा पुढे क्लोरोफिलला पोचते. अर्कात साखळीच तुटलेली, मग ती लाल होऊन बाहेर पडते. एक्सटर्नल परीक्षकासमोर एवढं केलंत तरी पुरे.

दोष आहेत. एअर पंप बंद पडला की गुठळ्या होतात, आणि उन्हात ठेवलेला निळा अर्क पाहता पाहता फिका पडतो. माझा प्रदर्शनाच्या दिवशीच पडला.

तुमच्या लॅबचं यंत्र ९०० पर्यंत जात असेल, तर जांभळ्यांना माझी ना नाही. आधी जाऊन बघून या. नसेल जात, तर पावडरची अर्धी डबी माझ्याकडे पडून आहे, घेऊन जा.