जुन्या गाडीत पाचवा गिअर: ट्रेमेक टीकेएक्स

जुन्या, चार गिअरच्या गाडीत ट्रेमेक या कंपनीचा पाच गिअरचा टीकेएक्स हा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवल्यावर सर्वांत आधी जाणवते ती इंजिनाची शांतता. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.६८ असलेला प्रकार मी निवडला. त्यामुळे पूर्वी १:१ गुणोत्तराच्या चौथ्या गिअरमध्ये ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असे, त्याच वेगाला आता ते सुमारे २०४० फेऱ्यांवर निवांत चालते. गिअर हलके आणि नेमके पडतात. केबलवर चालणारा मूळ स्पीडोमीटरही जोडता येतो, याचे मला विशेष समाधान वाटले.

जोडणी मात्र घाईने उरकण्याचे काम नाही. बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या आवरणाचे, मधले छिद्र क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) केंद्राशी जुळते का, हे डायल गेजने, म्हणजे सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने, तपासावेच. गेजच्या काट्याची एकूण हालचाल ०.००५ इंचाहून अधिक असेल, तर गिअर अडखळतात आणि बेअरिंगांची झीज वाढते. माझ्या गाडीत काट्याची ही हालचाल जास्त निघाली, म्हणून बेलहाउसिंग किंचित सरकवून केंद्र जुळवणाऱ्या ऑफसेट डॉवेल पिना बसवाव्या लागल्या. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रॉपेलर शाफ्टही नव्या मापाचा करून घेतला. एवढे कष्ट घेऊनही मी हा गिअरबॉक्स पुन्हा निवडेन.