सायटिकासाठी लातूरच्या फिजिओथेरपी केंद्रात सात आठवडे

सोयाबीनचे पोते उचलताना कमरेत उसण भरली असावी, असे प्रथम वाटले. परंतु चौथ्या दिवसापासून डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या बाहेरच्या बाजूने नडगीवरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊ लागली आणि साधी शिंक आली तरी पायातून वीज गेल्यासारखे होऊ लागले. धड बसता येत नव्हते आणि रात्री कूस बदलणेही कठीण झाले होते. आमच्या औसा तालुक्यात अशा दुखण्याला ‘मणक्यात गॅप पडला’ असे म्हणतात आणि रुग्णाला आधी हाड बसवणाऱ्याकडे नेतात. मलाही नेले. त्याने पाय ओढून दिलेल्या झटक्यानंतर अंगठा बधिर झाला, हे इतरांच्या सावधगिरीसाठी मुद्दाम लिहीत आहे.

त्यानंतर लातूरच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय करून घेतला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून डाव्या नसेच्या मुळावर दाब आला होता. अशा दाबामुळे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेलाच सायटिका म्हणतात. त्यांनी गोळ्या दिल्या आणि औसा रस्त्यावरील एका फिजिओथेरपी केंद्रात पाठवले. हा अभिप्राय त्या केंद्राविषयी आहे.

पहिल्या भेटीत तेथील मॅडमनी पाऊण तास मला एकही यंत्र लावले नाही. उताणे झोपवून, गुडघा न वाकवता त्यांनी पाय हळूहळू वर उचलला. साधारण ३५ अंशांवर कळ निघाली, तेव्हा तेथेच थांबून त्यांनी तो आकडा फाइलमध्ये लिहिला. मग टाचांवर चालायला लावले. उजवा चवडा वर राहत होता, डावा मात्र दोन पावलांत खाली येत होता. टेबलावरचा प्लास्टिकचा कणा हातात देऊन, गादीचा फुगवटा नसेला कोठे टेकतो ते त्यांनी माझ्याच बोटाने दाबून दाखवले. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत उतार पडतो, असा धीर दिला. पण लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर केंद्रात न येता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, हे फाइलच्या मागच्या बाजूस लाल शाईने लिहून दिले आणि माझ्या पत्नीकडून मोठ्याने वाचून घेतले.

मुख्य व्यायाम एकच होता. पालथे झोपून आधी कोपरांवर, पुढे तळहातांवर छाती उचलायची, कंबर सैल ठेवायची. एका वेळी दहा वेळा आणि दर दोन-तीन तासांनी. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना १९५६ साली, एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उंचावलेल्या खाटेवर पालथा पडून राहिल्याने त्याच्या पायाची कळ ओसरली, यावरून ही दिशा सापडली, असे मॅडमनी सांगितले. कळ पावलाकडून कमरेकडे सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण समजावे. कळ खाली उतरू लागली तर व्यायाम थांबवून फोन करावा. नवव्या दिवशी माझी कळ नडगी सोडून गुडघ्यावर आली, तेव्हा घरात सर्वांना सणासारखा आनंद झाला. सक्त विश्रांतीचा माझा समजही त्यांनी दूर केला आणि घरातल्या घरात थोडे थोडे चालत राहायला लावले.

करंटचे यंत्र दोनदा लावले. त्याने आराम तात्पुरता मिळतो, हे लावतानाच सांगितले. प्रत्येक भेटीचे ४०० रुपये घेतात. एसटीच्या प्रवासात गतिरोधकावर बसणारा हिसका मला सोसत नाही, हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून भेटी आठवड्यातून एकीवर आणल्या आणि मधले व्यायाम व्हिडिओ कॉलवर तपासले. आपले उत्पन्न कमी करून रुग्णाला स्वतःच्या हाताने बरे व्हायला शिकवणे, यासाठी मी या केंद्राला मनापासून मानतो.

उणीव मात्र गंभीर आहे. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि कठडा धरून बावीस पायऱ्या चढताना पहिल्या आठवड्यात मला तीनदा थांबावे लागले. संध्याकाळी तासभर ताटकळावे लागते आणि बसायला फक्त लोखंडी बाक आहेत. कळ असलेल्या माणसाने दुपारची वेळ मागून घ्यावी.

सातव्या आठवड्यात पाय ७० अंशांपर्यंत उचलला जातो आणि मी टाचांवर चालू शकतो. अंगठ्याचा बधिरपणा थोडा शिल्लक आहे. तळमजल्यावर एक खोली घेऊन निदान नव्या रुग्णांची तपासणी तेथे करावी, अशी लेखी विनंती मी मागच्या भेटीत दिली आहे.