शुक्र आणि मंगळ : वायू एकच, परिणाम दोन

गोव्यातल्या मिरामार किनाऱ्याच्या वाळूत उभे राहून मावळतीकडे पाहिले, की कधीकधी शुभ्र शुक्र आणि तांबूस मंगळ एकाच वेळी दिसतात. दोघांच्याही वातावरणात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे. तरीही शुक्रावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट असल्याने उष्णता कोंडून राहते आणि तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे शिसेही वितळावे इतके, चढते. शिवाय वर ढग सल्फ्युरिक आम्लाचे. मंगळावरचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणून तिथे कडाक्याची थंडी. मला मात्र मंगळच जवळचा वाटतो, कारण त्याची तांबडी धूळ लोहाच्या ऑक्साइडांची आहे, आणि आमच्या कुंपणाच्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर बोट घासले, की लागणारी तांबडी पूडही त्याच कुळातली.