कर्सियांगच्या होमस्टेच्या नावाखाली आमचे ३३,७६१ रुपये गेले, बुकिंग करणार असाल तर आधी हे वाचा

लिहू की नको असं दोन आठवडे चाललं होतं. लाज वाटते हो. मी ठाणे शहरात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दिवसभर दुसऱ्यांची पेमेंट तपासते आणि स्वतःच्या घरची पाच पेमेंट डोळे झाकून केली. पण घोडबंदरच्या आमच्या सोसायटीतलेच दोघं मे महिन्यात तिकडे निघालेत म्हणून लिहितेय.

सासूबाईंना दार्जिलिंगची गर्दी नको होती, शांत गाव हवं होतं, सकाळी उठून समोर चहाचे मळे दिसायला हवेत एवढंच त्यांचं म्हणणं. कर्सियांग त्यासाठी अगदी बरोबर आहे, दार्जिलिंगच्या ३२ किमी अलीकडे, ४,८०० फुटांच्या वर, टॉय ट्रेन बाजारातून दुकानांना खेटून जाते. होमस्टेचं पेज सोशल मीडियावर सापडलं. १८५९ चा मकाईबारी मळा पाच मिनिटांवर, गॅलरीतून कांचनजंगा, जेवण घरचं, सगळं लिहिलेलं. दोन खोल्या, चार रात्री, खोलीला २,८०० म्हणजे २२,४००. माणूस फोनवर इतका गोड, आईंशी पण बोलला, गुडघे दुखतात तर खालची खोली देतो म्हणाला.

आधी ॲडव्हान्स ११,२०० दिले. मग म्हणे उरलेले आत्ताच भरलेत तर एकूण बिलावर १० टक्के सूट, म्हणून ८,९६०. बागडोगरा विमानतळावरून गाडी ३,६००. मग रिफंडेबल डिपॉझिट ५,०००. आणि त्यानंतर लगेच फोन, मॅडम सिस्टीमने घेतलं नाही, ५,००१ टाका, आधीचे ५,००० अर्ध्या तासात आपोआप परत येतील. आता वाचताना तुम्हाला कळतंय ना? मला तेव्हा नाही कळलं. रात्रीचे पावणेअकरा, ओट्यावर भांडी पडलेली, मुलाचा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर, विमानाची पाच तिकिटं आधीच काढलेली आणि ती नॉन-रिफंडेबल, त्यामुळे बुकिंग हातचं जाईल हीच भीती डोक्यात.

पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. तिथे एका बाईचं नाव होतं. मी विचारलं, तो म्हणाला मिसेसचं खातं आहे. बरं. डिपॉझिटच्या वेळी तिसरंच नाव, पुरुषाचं, तर म्हणे मॅनेजर. ऑफिसात इन्व्हॉइसवरचं नाव आणि बँकेतलं नाव एका अक्षराने जुळलं नाही तरी मी पेमेंट अडवते, दहा वर्षं हेच करतेय, आणि इथे ते नाव वाचलं, मनात खटकलं आणि तरी अंगठा पुढे गेला. तो एक सेकंद मला अजून झोपू देत नाही. आणि फोटो! गॅलरीतून दिसणारा मळा, त्यात सिल्व्हर ओकच्या सरळ रांगा. २०१९ ला आम्ही मुन्नारला गेलो होतो, मी स्वतः नवऱ्याला म्हटलं, अगदी मुन्नारसारखं दिसतंय रे. मुन्नारसारखं नाही, तो फोटो मुन्नारचाच होता. इमेज सर्च करायला दहा सेकंद लागतात, मी ते घरी परत आल्यावर केलं.

बागडोगऱ्याला गाडी नाही, फोन बंद. दुसरी टॅक्सी करून वर गेलो. लोकेशन जिथे दाखवत होतं तिथे एक वळण, एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला निळ्या पत्र्याची शेड, कुलूप लावलेली. पाऊस भुरभुरत होता, आईंच्या बॅगेचं चाक चिखलात रुतलेलं, त्या काही बोलल्या नाहीत पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. शेजारच्या टपरीवाल्या बाईंनी आधी चहा दिला, मग सांगितलं की महिन्याभरात आमच्यासारखं हे तिसरं कुटुंब. त्यांच्याच ओळखीच्या घरी राहिलो. माणसं सोन्यासारखी, गावाला दोष देऊ नका कृपया.

आता पोलीस. कर्सियांगला म्हणाले पैसे ठाणे शहरातून गेले, तिकडेच तक्रार करा. इथे ठाणे शहरात आल्यावर पोलीस म्हणाले घटना बंगालची, तिथे करा. अहो, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली तर समोरचा म्हणतो मॅडम आम्हाला कायदा शिकवू नका. तीन हेलपाटे, तीन हाफ-डे. तिसऱ्या वेळी साध्या कागदावर अर्ज घेतला, एफआयआर नाहीच. बँकेत गेले तर तिथली मुलगी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाली, पिन तुम्हीच टाकला ना, मग आमची जबाबदारी नाही. आणि मॅनेजर म्हणाले एवढ्या शिकलेल्या असून असं कसं केलंत. हे ऐकायला गेले होते का मी तिथे? १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार मी सहाव्या दिवशी केली, ती माझी चूक, पहिल्या तास-दोन तासांत फोन केला तर खात्यात पैसे सापडण्याची शक्यता जास्त असते. आता एका खात्यात २,१४० रुपये होल्ड झालेत आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. २,१४० साठी वकील कोण करणार?

नाव जुळत नसेल तर पिन टाकूच नका, समोरचा कितीही गोड बोलू दे. व्हिडिओ कॉल करून गेट दाखवायला सांगा, मी सांगितलं होतं, तो नेटवर्क नाही म्हणाला आणि मी ऐकलं, डोंगरात नसतं नेटवर्क म्हणून. परत मिळण्यासाठी आधी एक रुपया जास्त भरा असं कुठेच नसतं. होमस्टेचा सरकारी रजिस्ट्रेशन नंबर मागा. चॅट डिलीट करू नका, नवऱ्याने रागाच्या भरात केलं आणि पोलिसांना तेच निमित्त मिळालं.

पेजवर मी कमेंट टाकली तर दोन मिनिटांत ब्लॉक. काल नणंदेच्या फोनवरून बघितलं, पेज चालू आहे, नंबर बदललाय, रेट आता २,६०० केलाय आणि वर फोटो तोच, सिल्व्हर ओकच्या रांगांचा.