५५-२५० झूमवर रेनॉक्स डीसीआर-१५०: पावसाळाभर वापरल्यानंतर

कॅननची ५५-२५० एसटीएम आधीपासून असेल, तर तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-१५० लावून मॅक्रो (अगदी जवळून मोठी प्रतिमा टिपणाऱ्या) लेन्सचा खर्च तूर्त टाळता येतो. ही लेन्स एकटी ०.२९ पटीपर्यंत (सेन्सरवरची प्रतिमा भागिले वस्तूचा खरा आकार) जाते, म्हणजे सुमारे २२ मिमी रुंद एपीएस-सी सेन्सरवर साधारण ७७ मिमी रुंदीची चौकट. ब्ल्यू मॉर्मनसारख्या मोठ्या फुलपाखराला तेवढे पुरून उरते. गवतातल्या ग्रास ज्वेल या चिमुकल्या फुलपाखराला मात्र नाही.

डीसीआर-१५० हे लेन्सच्या पुढे लावायचे, ४.८ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचे माप), तीन काचांचे जोडभिंग आहे. किती पट मिळेल याचा हिशोब सोपा: फोकल लांबी गुणिले डायॉप्टर, भागिले हजार. २५० मिमीला १.२ पट मिळते आणि चौकट १८-१९ मिमीवर येते. लांब फोकल लांबीचा फायदा इथेच आहे. ५५ मिमीला हेच भिंग पाव पटच देते, शिवाय कोपरे काळे पडतात. शंभरच्या खाली झूम आणूच नये.

फोकस अनंतावर ठेवून मॅन्युअल करा. मग विषय भिंगापासून सुमारे २१ सेंमीवरच स्पष्ट दिसतो, झूम कितीही असो. आधी ११०-१२०ला कीटक शोधायचा, मग झूम वाढवायचा आणि स्वतः किंचित पुढेमागे झुलत फोकस पकडायचा. सुरुवातीलाच २५०ला गेलात तर पान कुठले, फांदी कुठली, कळत नाही.

एफ/११ ॲपर्चरला १.२ पटीत स्पष्ट दिसणारी खोली मिलिमीटरभरही नाही. मिटलेले पंख सेन्सरला समांतर आले नाहीत, तर डोळा टोकदार आणि शेपटाकडचा भाग विरघळलेला. एफ/१६च्या पुढे विवर्तनाने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळेच मऊ पडते. इतक्या जवळून स्टॅबिलायझरचा भरवसा नाही; १/२०० सेकंदाचा शटर आणि फ्लॅश हाच मार्ग. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर हवाच, नाहीतर ओल्या पानांवर पांढरे डाग उठतात.

डीसीआर-१५०सोबत मिळणारी स्प्रिंगची क्लिप झटपट बसते, तितक्याच झटपट झुडपात अडकून निघते. ५८ मिमीच्या लेन्सवर ४३ मिमीचे भिंग बसवणारी ५८-४३ची स्टेप-डाउन रिंग घ्या. पैसे किरकोळ, पकड पक्की.

एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या) लांब लेन्सवर तोट्यात जातात: १२, २० आणि ३६ मिमीच्या तिन्ही जोडल्या तरी ढोबळमानाने ६८ भागिले २५०, म्हणजे ०.२७ पटीची भर, आणि वर प्रकाशही घटतो. विद्युत-संपर्क नसलेल्या स्वस्त ट्यूबवर तर ही लेन्स ना ॲपर्चर बदलते ना फोकस, कारण एसटीएमची फोकस-रिंगसुद्धा विजेवर चालते.

एक-काचेच्या क्लोज-अप भिंगांच्या +१, +२, +४, +१० (डायॉप्टर) संचातले फक्त +२ कामाचे: अर्धी पट, अर्ध्या मीटरवरून, बुजऱ्या चतुरासाठी छान. कडांना जांभळी किनार येते, ती एफ/११ला बरीच कमी होते. +१० बाजूला ठेवा. रेनॉक्सचेच डीसीआर-२५० दोन पट देते खरे, पण साडेबारा सेंमीवरून. बसलेल्या कोळ्याला चालेल, फुलपाखरू तोवर उडालेले असते.